एक आठवडा तुझा, एक माझा

दुपारी दोन ते अडीच आमच्या लाँड्रीत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा काही नियम नव्हता, पण तसं व्हायचं खरं. सुकवायचं यंत्र नुकतंच थांबलेलं असायचं. त्यातून काढलेल्या चादरी मोठ्या टेबलावर ढीग करून टाकलेल्या, हात लावला तर ऊबदार. काचेच्या दारातून उन्हाचा एक चौकोन आत यायचा आणि सावकाश त्या ढिगावर चढायचा. इस्त्रीची वाफ छतापर्यंत जाऊन तिथेच रेंगाळायची. तंद्री त्या चादरींत गाल खुपसून डोळे मिटायची, मी इस्त्री बंद करून तिच्या शेजारी टेकायची, आणि अर्धा तास आम्ही दोघी पन्नाशीच्या बायका कुठे असायचो ते आमचं आम्हालाच ठाऊक नसायचं.

तंद्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत बाई फळ्यावर लिहायच्या आणि ही खिडकीबाहेर बघत बसायची, तेव्हापासून चिकटलेलं. मला मिरची म्हणायचे. का, ते सांगायला नको. थोडं ऐकलंत की कळेलच.

डोळे मिटूनच ती बोलायची. "मिरचे, वर गच्ची असेल. लांबच लांब दोऱ्या. यंत्रात सुकवायचंच नाही काही. सगळं वाऱ्यावर."

"आणि कबुतरं?"

"कबुतरांना सांगू की."

"हो, तुझं ऐकायलाच बसलीयेत ती."

अशी मनात मांडे खाणारी बाई. पण खोटं कशाला बोलू, थोड्या वेळानं मलाही त्या दोऱ्या दिसायला लागायच्या. चादरी हलताना दिसायच्या, त्यांच्यामधून कुणीतरी चालत जातंय असं वाटायचं, आणि ते कुणीतरी मीच असायची. मग दाराची घंटी वाजायची, दवाखान्याचा माणूस गाठोडं घेऊन उभा, आणि मी त्याच्यावरच खेकसायची.

लाँड्री आमची दोघींची. निम्मी तिची, निम्मी माझी. तीन वर्षांपूर्वी दोघींनी साठवलेलं होतं नव्हतं ते काढलं आणि मास्तरांचा तळमजल्याचा गाळा भाड्यानं घेतला. मास्तर म्हणजे आमचे मालक, निवृत्त शिक्षक, वरच राहायचे. धुवायची दोन यंत्रं, सुकवायचं एक, इस्त्रीचं टेबल, आणि दाराशी गल्ल्याचा खण असलेलं जुनं मेज. दोन दवाखान्यांच्या चादरी, कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयाचे टॉवेल, आणि आसपासच्या घरांतले कपडे. काम भरपूर. सांगायला लाज वाटते, पण काम इतकं भरपूर होतं म्हणूनच आम्ही फसलो.

सुरुवातीलाच तंद्रीनं एक अट घातली होती. तिच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, मैत्रिणीबरोबर शिवणकामाचं दुकान काढलं होतं. वर्षभरात हिशेबावरून असं बिनसलं की अजून त्या दोघी एकमेकींना बघून रस्ता ओलांडतात. "आपल्यात पैशाचं बोलणं नको," तंद्री म्हणाली.

"अगं, धंदा आहे. पैशाचं नाही बोलायचं तर काय, हवापाण्याचं?"

"एक आठवडा तुझा, एक माझा. जिचा आठवडा तिनंच गल्ला मोजायचा, तिनंच साबणवाल्याला, विजेला, भाड्याला काढून ठेवायचे. महिनाअखेरीला दोघींची पाकिटं. आणि सोमवारी दुसरीला सुट्ट्या पैशांसाठी ठरलेली रक्कम खणात ठेवून द्यायची. झालं. जी मोजेल ती शनिवारी एकच शब्द सांगेल."

तो शब्द म्हणजे "भागलं". यंत्रांचा आवाज एवढा, की शनिवारी संध्याकाळी मेजापासून ओरडूनच सांगावं लागायचं. "भागलं!" आणि आतून दुसरी ओरडायची, "भागणारच!" हसायचो आम्ही त्यावर. तीन वर्षं, एक शनिवार चुकला नाही.

पहिलं वर्ष खरंच भागलं. मग विजेचे दर चढले, साबण महागला, आणि एका शनिवारी माझ्या आठवड्यात गल्ल्यात खड्डा पडला. मी तीनदा मोजलं. खण बाहेर काढून उलटा केला, त्यातून एक जुनं बटण पडलं. आत तंद्री गुणगुणत टॉवेल रचत होती. आदल्याच आठवड्यात तिनं केवढ्या जोरात "भागलं" म्हटलं होतं! तिच्या हातून भागतं आणि माझ्या हातून नाही? शाळेत गणितात मला पैकीच्या पैकी, आणि ही काठावर पास. माझी जीभच उचलेना. मी पर्स उघडली, कमी पडले होते तेवढे टाकले आणि ओरडले, "भागलं!"

एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जड जात नाही. माझ्या प्रत्येक आठवड्यात खड्डा पडायचा आणि मी तो भरायची. महिन्याचं पाकीट घरी जायचं आणि हळूहळू परत यायचं. त्यात आमच्या ह्यांचा कारखाना बंद पडला आणि हे अर्ध्या पगारावर शाळेची गाडी चालवायला लागले. एकदा पाकीट चाचपून म्हणाले, "घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजतेयस का गं?"

"तुम्ही गाडीकडे लक्ष द्या," मी म्हटलं. पुढच्या महिन्यात आईची सोन्याची साखळी विकली. ती साखळी मी लेकीला द्यायची ठरवली होती. सोनारानं तराजूत टाकली तेव्हा मी भिंतीकडे बघत उभी राहिले. रस्त्यानं परत येताना सगळं पाण्याखालून चालल्यासारखं वाटत होतं, माणसं, गाड्या, दुकानांच्या पाट्या. लाँड्रीत शिरले तर तंद्री विचारते, "कुठे होतीस? स्वप्नात?"

नेमका तेव्हाच मास्तरांनी बाँब टाकला. गाळा विकायचा होता त्यांना, लेकाकडे राहायला जायचं म्हणून. "औषधवाला मागे लागलाय. पण आधी तुम्ही. पुढच्या शनिवारी पाच वाजता येतो. निम्मी रक्कम हातात ठेवा, उरलेली वर्षभरात द्या. मला ठाऊक आहे, तुमचं झकास चाललंय. दर शनिवारी वर ऐकू येतं."

तंद्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. "घेऊ की," मी म्हटलं. कशाच्या जोरावर, ते विचारू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायची कशी? "घेऊ की," तीही म्हणाली, आणि मास्तर आनंदानं जिना चढून गेले. त्या दुपारी चादरींत डोकं ठेवून ती म्हणाली, "आता गच्चीही आपलीच होईल गं." मी डोळे मिटून पडले होते. माझ्याकडे पुढच्या आठवड्याच्या साबणाचे पैसे नव्हते.

आणि मग मला भलतंच सुचलं. सुचलं म्हणजे काय, दोनतीन महिने मनात होतंच, त्या आठवड्यात त्याला पाय फुटले. गोष्ट अशी, की अलीकडे माझ्या सोमवारी खण उघडला की त्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्तच पैसे असायचे. कधी दोन नोटा जास्त, कधी पाच. म्हणजे तिचा आठवडा भागून वर उरायचेसुद्धा! गिऱ्हाइकं तीच, यंत्रं तीच, दर तेच. मग माझ्याच आठवड्यात पैसे जातात कुठे? मी कपडे पोचवायला बाहेर पडले की गल्ल्यावर कोण असतं? तंद्री. वर्षभर घरी बोलवत नाही, विचारलं तर म्हणते रंगकाम चालू आहे. वर्षभर रंग कसला लावतात? राजवाडा आहे काय? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगाच नाही. दुपारी ती शेजारी झोपलेली असायची, ओठ किंचित उघडे, गालावर चादरीची घडी उमटलेली, आणि मी एक डोळा उघडून तिच्याकडे बघत राहायची. चाळीस वर्षं ओळखते मी या बाईला. तिच्या बोटांकडे बघायची मी. मलाच माझी भीती वाटायची.

शनिवार उजाडला. आठवडा माझा होता. चार वाजता गल्ला मोजला, खड्डा होताच, आणि या वेळी पर्सही रिकामी होती. दवाखान्याच्या चादरी पाच वाजायच्या आत घड्या करून द्यायच्या होत्या. मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही. एकीनं दोन कोपरे धरायचे, दुसरीनं दोन, ताणायचं, निम्मी करायची, मग चालत एकमेकींपाशी यायचं, कोपरे तिच्या हातात द्यायचे, खालची कड उचलायची. दिवसाला साठ चादरी आम्ही अशा घडी करायचो. तोंडाला तोंड येईपर्यंत जवळ, परत लांब.

तिसऱ्या चादरीला जवळ आले तेव्हा मी म्हटलं, "माझ्याकडे गाळ्याचे पैसे नाहीत."

तिनं कोपरे घेतले. लांब गेली. दुसरी चादर उचलून माझ्याकडे फेकली, मी कोपरे झेलले. यंत्र मागे घुमत होतं. पांढऱ्या कापडाच्या त्या टोकाला तिचं डोकं तेवढं दिसत होतं.

"का नाहीत?" जवळ आल्यावर तिनं विचारलं.

"माझ्या आठवड्यात भागत नाही म्हणून. दीड वर्ष भागत नाहीये. मी घरचे टाकतेय. आईची साखळी विकली मी, तंद्रे!" आणि मग उचलली जीभ लावली टाळ्याला. "तुझ्या आठवड्यात बरे उरतात. माझ्यातले काढतेस का तू?"

बोलले आणि ऐकलं. चादर आमच्या दोघींच्या हातात होती, अर्धी घडी झालेली. तिनं ती सोडली नाही. रागावलीही नाही. डोळे बारीक करून माझ्याकडे असं बघितलं, जसं लांबचं वाचायचा प्रयत्न करतात.

"माझ्या आठवड्यातही भागत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"हल्ली कधीच नाही. तुझं कमी पडायला लागलं असेल ना, साधारण तेव्हापासूनच. तू एवढ्या मोठ्यानं ओरडायचीस, मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. गणितात मी तशीच. मी पुढची खोली भाड्यानं दिली. स्वयंपाकघरात झोपते."

"आणि रंगकाम?"

"कसलं रंगकाम? मला दुसरं काही सुचलंच नाही."

मी खाली बसले. खाली म्हणजे चादरींच्याच ढिगावर. तीही बसली. दीड वर्ष! दोघी घरून पैसे आणत होतो, गल्ल्यात टाकत होतो, आणि एकमेकींना "भागणारच" म्हणून ओरडत होतो. केशकर्तनालयाची बाई दोनदा म्हणाली होती, तुमचे दर फार कमी आहेत, वाढवा की. आम्ही तिला काय म्हटलं? "भागतंय की आमचं." तिच्यासारखंच म्हणणाऱ्या आणखी दोनचार गिऱ्हाइकांनाही तेच सांगितलं. टॉवेलमागे, चादरीमागे थोडं थोडं वाढवलं असतं तर कदाचित उभ्या राहिलो असतो. एकीनं, फक्त एकीनं, एका शनिवारी तोंड उघडलं असतं तर! मला इतका राग आला, इतका, की मी हातातली चादर फेकली. ती हवेत उलगडली, वर गेली, वाफेत क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि हळूच तंद्रीच्या डोक्यावर येऊन पडली. आतून आवाज आला, "इथे बरंय गं." आणि आम्ही हसलो. पोट दुखेपर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते हसण्याचं की कशाचं, ते कळायला मार्ग नव्हता.

"पण तू गाळ्याला हो का म्हणालीस?" मी विचारलं.

"तू म्हणालीस म्हणून. मला वाटलं, तुझ्याकडे असतील."

पाचला घंटी वाजली. मास्तर नवा सदरा घालून आले होते, हातात कागदांची पिशवी. मी त्यांना खुर्ची दिली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, मास्तर, नाही जमणार. लाँड्रीही बंद करावी लागेल. महिनाभरात यंत्रं विकून गाळा मोकळा करून देतो.

"अहो, पण दर शनिवारी..."

"ते खोटं होतं," मी म्हटलं. "दोघी खोटं बोलत होतो. आणि एकमेकींशी बोलत होतो, तुमच्याशी नाही."

मास्तरांनी पिशवीचे बंद परत बांधले. मग पिशवी काखेत घेऊन उठले. दारात वळून म्हणाले, "मला सवय झाली होती हो त्या ओरडण्याची," आणि जिना चढून गेले. त्यांच्या पावलांचा आवाज वर गेला, डोक्यावरून चालत पलीकडच्या खोलीत गेला आणि थांबला.

उन्हाचा चौकोन तोवर भिंतीवर जाऊन पिवळा झाला होता. यंत्र आपोआप थांबलं. इतकी शांतता झाली की वाफेचं पाणी होऊन छतावरून टपकतंय ते ऐकू यायला लागलं. तंद्री उरलेल्या चादरी मोजत होती. मी गल्ल्यातला खड्डा तसाच ठेवून खण बंद केला, आणि तेव्हा डोक्यात आलं.

"थांब. तुझं भागत नव्हतं, मग माझ्या सोमवारी खणात जास्तीचे कुठून यायचे?"

तिनं वर पाहिलं नाही. "राहू दे ना."

"राहू दे काय? बोल!"

"भावोजींचा कारखाना बंद झाला त्याच सुमाराला माझ्या आठवड्यात जास्तच कमी पडायला लागले. मला वाटलं, तू घेत असशील."

"म्हणजे? मी चोरतेय असं वाटलं तुला?"

"चोरतेस कशाला? आपलाच गल्ला. लागत असतील, मागायला जड जात असेल, असं वाटलं. तू कुणाकडे काही मागायची नाहीस, मला काय ठाऊक नाही? म्हणून मग थोडे जास्तच ठेवायला लागले. तुला घेता यावेत म्हणून."

त्या दोन नोटा, पाच नोटा. त्याच मोजून तर मी तिला चोर ठरवलं होतं. दोघींना एकच शंका आली, आणि तिनं त्या शंकेवर काय केलं आणि मी काय केलं! माझ्यासारख्या बाईला रडता येत नाही नीट, घसा फाटल्यासारखा आवाज येतो. तो आला. ती उठून माझ्याजवळ आली, तिच्या अंगाला गरम कापडाचा वास येत होता.

"मी नव्हते गं घेत," मी म्हटलं. "एक पैसा नाही घेतला."

"ठाऊक आहे आता," तंद्री म्हणाली, आणि पदरानं माझं तोंड पुसलं. "घेतले असतेस तर बरं झालं असतं, मिरचे. निदान कुणाच्या तरी घरी पोचले असते."